मागाला मारतात तशी हवा

लालसाब मेस्त्रीच्या गॅरेजच्या भिंतीवर ठळक अक्षरांत तीन ओळी रंगवलेल्या होत्या. गाडी चालू केल्यावर अर्धा मिनिट थांबा. लांबून आल्यावर लगेच बंद करू नका. एअर फिल्टर साफ ठेवा. रंगवून पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत गिऱ्हाइकांनी त्या ओळींचा एकच उपयोग केला, तो म्हणजे भिंतीच्या सावलीला बाकडं ओढून त्यांना डोकं टेकून बसण्याचा. दुसऱ्या ओळीतल्या 'लगेच'वर तर डोक्याच्या तेलाचा चांगला वाटीएवढा डाग पडला होता.

चैत्रातल्या त्या सकाळी वळसंगचा महिपती आला तोही त्याच थाटात. मेव्हण्याची नवी गाडी मागून आणलेली, अक्कलकोट रोडनं पाय दाबून दामटलेली. गॅरेजच्या दारात कच्चकन ब्रेक लावला आणि चाकं थांबायच्या आत बटण दाबून इंजिन बंद केलं.

"बंद करू नगा म्हणलं की ओ," गाडीखालून बाहेर येत लालसाब म्हणाला. "केलीच व्हय? केलीच."

"मग काय चालूच ठिवू? पेट्रोल काय नळाला येतंय का?"

लालसाबनं हातातला पाना खाली ठेवला. एकसष्टावं वर्ष लागलं होतं, गुडघे कुरकुरत होते, पण जीभ अजून थकली नव्हती. "हे बघा," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला ठाऊक होतं, की समोरचा काही बघणार नाही. "सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर असतोय का न्हाय, तो एक पंखा फिरवतोय. त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतोय. हवा जादा, पेट्रोल जादा, ताकद जादा. ह्याला टर्बो म्हणायचं. पंखा मोठ्या लिंबाएवढा, आणि मिनिटाला फिरतोय किती, तर दोन लाखापर्यंत. ती दांडी तेलाच्या पापुद्र्यावर फिरतीया. तुमी आलात वाऱ्यासारखं आणि केलं इंजिन गप. तेल थांबलं. दांडी लालभडक. आतलं तेल जागच्या जागी करपतंय. अर्धा मिनिट चालू ठिवली तर काय बिघडतंय?"

"न्हाय, बरोबर हाय तुमचं," महिपती म्हणाला. "चा सांगू का दोन?"

लालसाबनं कपाळावर हात मारायचं तेवढं बाकी ठेवलं. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. सांगायचं, समजावायचं, ओरडायचं, आणि मग त्याच माणसानं तीच चूक करून आणलेली गाडी दुरुस्त करायची. घरी बायको रशीदा म्हणे, "तुमे बोलते जादा, इस वास्ते कोई सुनता नै." त्यावरही तो चिडायचा, कारण तिचंही खरं असावं अशी त्याला अधूनमधून शंका यायची.

महिपतीचं काम वेगळंच होतं. त्याच्या मुलाला, शिवराजला हीच गाडी हवी होती, छोटी टर्बो पेट्रोलची. घरात दोन तट पडले होते. चुलते म्हणत होते डिझेल घे, नाहीतर जुन्या पद्धतीचं साधं पेट्रोल घे, ही हवा कोंबणारी भानगड नको. शेवटी असं ठरलं, की लालसाब मेस्त्री म्हणेल ते खरं. "तुमी व्हय म्हणा," महिपती बाकड्यावर बसत म्हणाला, "उद्याच बुक करतो."

हा मान काही आयता आलेला नव्हता. चौदाव्या वर्षी वडिलांनी त्याला उस्तादाच्या हाताखाली सोडला, तेव्हापासून लालसाबनं डिझेल जीपा, टेम्पो, ॲम्बॅसिडर, जे मिळेल ते उघडलं. एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरींच्या कारखानदारांच्या गाड्या त्याच्या दाराशी रांगेनं उभ्या राहायच्या. पाच-सहा वर्षांपूर्वी मात्र पहिलं छोटं टर्बो इंजिन समोर आलं आणि तो पार गडबडला. बॉनेट उघडलं तर आत प्लास्टिकचं झाकण. ते काढलं तर खाली पाइपांचं जाळं, आणि इंजिन कुठं आहे हेच कळेना. आपण आता म्हातारे झालो, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तीन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही.

मग त्यानं मुलीला पकडलं. नाजनीन पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होती. रोज संध्याकाळी ती कॉलेजातून आली, की तो तिच्यासमोर मोबाइल धरून बसायचा. ती इंग्रजीतली माहिती वाचून अर्थ सांगायची आणि तो पाढ्यासारखं पाठ करायचा. नऊशे नव्याण्णव सीसी. तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह. सहा हजार फेऱ्यांना एकशे अठरा हॉर्सपॉवर. पण खरी गंमत ओढण्याच्या ताकदीत होती. जुन्या दीड हजार सीसीच्या इंजिनाला जी ओढ चार हजार फेऱ्यांवर यायची, ती ह्याला पंधराशेपासूनच, आणि चार हजारापर्यंत तशीच. टायमिंगला चेन. तेल झिरो डब्ल्यू ट्वेंटी, सिंथेटिक, साडेतीन लिटर, आणि त्यात दुसऱ्या तेलाचा थेंब चालणार नाही. नाजनीन कंटाळून उठायची, पण हा उठायचा नाही. सहा महिन्यांनी त्यानं एक इंजिन पूर्ण उघडून परत बांधलं, आणि ते पहिल्या बटणाला चालू झालं तेव्हा गॅरेजात एकटाच असूनही तो मोठ्यानं हसला.

त्यानंतर लालसाब त्या इंजिनाच्या प्रेमातच पडला. हजाराला एक सीसी कमी, हे त्याला फार आवडायचं. रस्त्यावरचे बाकीचे मेस्त्री म्हणायचे, तीन सिलिंडरची गाडी म्हणजे दार लावलेली रिक्षा, पन्नास हजार किलोमीटरला बोंबलेल. लालसाब भांडायचा. इंजिनात दोष नाही, दोष चालवणाऱ्यात आहे, तीन गोष्टी पाळा आणि दीड लाख किलोमीटरपर्यंत इंजिन उघडू नका, असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा. त्याच्या शब्दावर ह्या रस्त्यावरच्या सात जणांनी ती गाडी घेतली. त्यातला पहिला टॉवेल कारखान्याचा प्रभु. महिपती आठवा झाला असता.

चहा आला, आणि चहाच्या पाठोपाठ प्रभुची गाडी आली. दोरानं टेम्पोला बांधलेली.

प्रभु मागच्या गाडीतून उतरला तो हातातली किल्ली नाचवतच. चाळिशी ओलांडलेला, एरवी हसतमुख माणूस, आज त्याचा चेहरा तापलेला होता. टेम्पोच्या केबिनमधून त्याच्यामागून त्याची आई उतरली. सावित्रम्मा सत्तरीला आल्या होत्या. नवऱ्याच्या पश्चात बारा मागांचा कारखाना त्यांनी सांभाळला आणि वाढवला, आणि अजूनही सकाळी कामगारांच्या आधी त्या शेडमध्ये हजर असायच्या. आज त्या गाडीच्या बॉनेटला हात लावून उभ्या राहिल्या.

"चाचा, हे बघा तुमचं दीड लाखाचं इंजिन," प्रभु म्हणाला. "अडतीस हजार. नुसते अडतीस हजार झालेत. परवा पुण्याहून येताना उजनीच्या काठावर ओढच गेली. मागं बघतोय तर निळा धूर, सगळा रस्ता भरला. भर दुपारचं ऊन, सावलीला झाड न्हाय, अम्माला घेऊन दोन तास रस्त्याकडंला बसलो. कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी बघितलं. म्हणाले, टर्बो गेला, इंजिनाचं उघडल्याशिवाय सांगता येत न्हाय, बहुतेक तेबी गेलं असंल. वॉरंटी संपलीया. मी म्हणलं उघडू नका. ज्यानं घ्यायला लावली त्याच्यासमोरच उघडायची."

बाकड्यावरचा महिपती सरळ बसला. त्यानं कप खाली ठेवला.

लालसाब गाडीभोवती एक फेरी मारून आला. अडतीस हजाराला हे इंजिन जात नसतं, हे त्याला नमाजाच्या वेळांइतकं पक्कं ठाऊक होतं. आणि तरी ते समोर दोरानं बांधलेलं उभं होतं. बाकीच्या सहा गाड्या त्याच्या डोळ्यांसमोर आल्या. हे इंजिन खरंच लेचंपेचं असेल, तर त्यानं सात घरांना फसवलं होतं, आणि सातही घरं ह्याच रस्त्यावर होती. उद्यापासून चहाच्या टपरीवर जाणंसुद्धा कठीण.

"गरम गाडी गपकन बंद करत असशील," तो म्हणाला. चिडला की त्याला जरा धीर यायचा.

"न्हाय. तुमी सांगितलंय म्हणून अर्धा मिनिट थांबतोच. अम्मा थांबायला लावती. मोजती ती."

"तेल दुसरं घातलं असशील."

"तेच घातलंय. सर्व्हिसची सगळी कागदं गाडीत हायत."

लालसाबनं पाना उचलला. त्यानं बॉनेट उघडलं. इंजिन इतकं स्वच्छ होतं, की त्याला क्षणभर बरंच वाटलं. ह्या धुळीच्या रस्त्यावर गाड्यांच्या इंजिनांवर मातीचा थर असायचा, ह्याच्यावर बोट फिरवलं तरी काही लागत नव्हतं. त्यानं तेल मोजायची दांडी काढली. तेल पार तळाला गेलं होतं. "तेल संपत आलंय की," तो म्हणाला. मग टर्बोकडं जाणारा हवेचा पाइप सोडवला आणि आत बोट घातलं. बोट तेलानं ओलं झालं, आणि त्या तेलात बारीक करकर होती. त्यानं ती दोन बोटांत चोळली. माती. इंजिनात जाणाऱ्या हवेत माती.

टर्बोच्या पंख्याची दांडी त्यानं चिमटीत धरून हलवली, तर ती खालीवर डुलली. पाती कडेला झिजून बोथट झाली होती. सगळा उलगडा झाला. माती पंख्यावर आपटत राहिली, पाती झिजली, तोल गेला, दांडी डुगडुगली, तेल अडवणारं सील गेलं, आणि तेल हवेबरोबर इंजिनात जाऊन जळायला लागलं. निळा धूर त्याचाच. आता प्रश्न एकच होता. तीच माती पुढं सिलिंडरात जाऊन काय करून बसली होती?

त्यानं प्लग काढले आणि सिलिंडरातला दाब मोजायचं कॉम्प्रेशनचं मीटर लावलं. पहिल्या सिलिंडरला काटा बारा किलोच्या वर गेला. दुसऱ्यालाही. तिसऱ्याला जेमतेम एका रेघेचा फरक. लालसाबनं तिन्ही परत मोजले, कारण पहिल्यांदा त्याचा विश्वास बसला नाही. इंजिन जिवंत होतं. इतके दिवस माती खाऊनही त्या नऊशे नव्याण्णव सीसीच्या पोराचं आतलं अंग शाबूत होतं.

"इंजिन ठणठणीत हाय," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "ऐकलं का प्रभु? ऐकलं का ओ महिपती? टर्बो गेला, इंजिन न्हाय. नवा टर्बो बसवला की गाडी पहिल्यासारखी. ही माती आत आली कुठनं तेवढं बघायचं."

माती यायला वाट एकच होती. त्यानं फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा काढल्या आणि फिल्टर बाहेर घेतला. पांढरा स्वच्छ. दुकानातून आत्ता आणल्यासारखा. इतका स्वच्छ, की सर्व्हिसवाल्यांनी दर वेळी कागदावर 'साफ, ठीक' असं लिहून तोच परत बसवला होता. कडेच्या रबरावर छापलेला महिना-वर्ष गाडीच्या जन्माचाच होता. सव्वातीन वर्षं एकच फिल्टर. लालसाबनं तो बाहेर नेऊन उन्हात डोक्यावर धरला.

कागदाच्या घड्यांमधून ऊन आरपार येत होतं. शेकडो बारीक छिद्रं. पिठाच्या चाळणीला असतात तशी, कडेपासून कडेपर्यंत.

त्याला कळलं, आणि त्याला संताप आला. चाळीस वर्षांचा सगळा राग एका जागी गोळा झाला. ह्या इंजिनाला नावं ठेवणारे, ह्याच्या नावानं बोटं मोडणारे, सगळ्यांना उत्तर त्याच्या हातात होतं. आता तो कुणाचीही भीड ठेवणार नव्हता.

"कॉम्प्रेसरची हवा मारलीया ह्याला," तो म्हणाला. "आठ किलोच्या दाबाची. एकदा न्हाय, शेकडो वेळा. कागदाचा फिल्टर हाय हा. त्याच्या पार चिंध्या केल्यात आतल्या आत. कुणी केलं हे? कोण शहाणा हाय तुज्या कारखान्यात, प्रभु? बोलव त्याला हितं."

"मीच मारते की," सावित्रम्मा म्हणाल्या.

त्या पुढं आल्या. त्यांच्या आवाजात भीती नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. "रोज सकाळी. माग चालू व्हायच्या आधी आमी मागावरचा कचरा हवेनं उडवतो की नाही, त्याच पाइपनं. आधी गाडीचं, मग मागाचं. एक दिवस चुकवलं नाही मेस्त्री. ताप होता तरी आले. कोणाला हात लावू दिला नाही. तुमी सांगितलं होतं तसंच केलं."

"मी?" लालसाब म्हणाला.

"तुमीच की. गाडी आणली त्या दिवशी."

आणि लालसाबला तो दिवस आठवला. नवी गाडी कारखान्याच्या दारात उभी, चाकाखाली लिंबं ठेवलेली, बॉनेटवर झेंडूचा हार. प्रभु फोनवर कुणाला तरी आमंत्रण देत होता. लालसाब बॉनेट उघडून आपलं नेहमीचं कीर्तन लावून बसला होता आणि ऐकायला फक्त ही बाई उभी होती. तिनं विचारलं होतं, फिल्टर कुठं असतो, दाखवा. त्यानं दाखवला. तिनं म्हटलं, क्लिप कशी काढली, परत करून दाखवा. त्यानं परत करून दाखवली. आपलं कुणी इतक्या मनापासून ऐकतंय, ह्याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं, की तो अगदी विरघळला. तिनं विचारलं, साफ कसा करायचा? आणि त्यानं, तिला पटकन समजावं म्हणून, मोठ्या हुशारीनं सांगितलं होतं, "अम्मा, सोपं हाय. मागाला मारता तशी हवा मारायची. बास."

जुन्या जीपांना चालायचं ते. जाड फिल्टर, महिन्यातून एकदा, लांबून, आतून बाहेर, हलकी हवा. ह्यातलं काहीच त्यानं सांगितलं नव्हतं. मागाला हवा रोज मारतात, आणि पूर्ण दाबानं, जवळून मारतात, हे सोलापुरात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याची स्वतःची निम्मी गिऱ्हाइकं मागवाली होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ ठीक. गेल्या दिवाळीत प्रभु गाडी घेऊन आला होता, तेव्हा लालसाबनं हाच फिल्टर बाहेर काढून दोन गिऱ्हाइकांना दाखवला होता. बघा, म्हणाला होता, ह्याला म्हणतात गाडी ठेवणं. शिका जरा. आणि उन्हात न धरताच परत आत बसवला होता.

"अम्मा, तू?" प्रभुला आता कुठं अंदाज आला होता. त्याचा आवाज चढायला लागला. "रोज? आठ किलोची हवा? तरी मी म्हणतोय ही गाडीला एवढं कशाला करती. उजनीवर दोन तास उन्हात बसलो ते तुझ्यामुळं? कोण सांगितलं होतं तुला नको ते उद्योग करायला?"

सावित्रम्मांचा चेहरा उतरला. त्या फिल्टरकडं बघत राहिल्या. बारा मागांचा कारखाना चालवणारी बाई, कामगारांना नुसत्या नजरेनं वठणीवर आणणारी, पण आत्ता तिनं हात पदराला पुसले आणि ते कुठं ठेवावेत हे तिला सुचेना. बाकड्यावरून महिपती हळूच म्हणाला, "म्हणजे गाडीची चूक न्हाय. बाईमाणसानं हात घातला म्हणून झालं."

किती सोपं होतं. लालसाबला ते स्वच्छ दिसलं. नुसतं गप्प बसायचं. एक शब्दही खोटा बोलायचा नाही. इंजिन चांगलं, मेस्त्रीचा शब्द खरा, म्हातारीनं अतिशहाणपणा केला. महिपती उद्या गाडी बुक करेल. बाकीचे सहा जण निवांत झोपतील. वाटलंच तर सर्व्हिसवाल्यांनाही दोन शिव्या द्यायच्या, त्यांनी तरी सव्वातीन वर्षांत फिल्टर का बदलला नाही, आणि तेही खोटं नव्हतं. आयुष्यात दुसऱ्याच्या चुकांवर इतका ओरडलेला माणूस, त्याला एक वेळ गप्प बसायला काय जड होतं?

पण ताप अंगात असताना पाइप घेऊन उभी राहिलेली सावित्रम्मा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. त्याला स्वतःची मनस्वी चीड आली.

"प्रभु, आवाज खाली कर," तो म्हणाला. "अम्माची चूक न्हाय. माझी हाय."

"चाचा, उगं तिला..."

"ऐकून घे आधी. मागाला मारता तशी हवा मारा, असं मी सांगितलं. ह्याच तोंडानं. किती दाबानं, किती लांबून, किती दिवसांनी, काय बोललो न्हाय. मागाला कशी मारतात ते तुला म्हाईत हाय, मलाबी म्हाईत हाय. तिनं तस्संच केलं. आणि दिवाळीला हाच फिल्टर माझ्या हातात होता. उन्हात धरून बघितला असता तर तवाच कळलं असतं. मी लोकांना दाखवत बसलो." त्यानं फिल्टर बॉनेटवर ठेवला. "टर्बो मी बसवतो. मजुरीचं नाव काढायचं न्हाय. आणि अम्माला परत काय बोललास तर गाडी घेऊन दुसरीकडं जा."

प्रभुनं फिल्टरकडं पाहिलं. किल्ली त्यानं खिशात टाकली, परत काढली. मग म्हणाला, "बाकीच्या सहा जणांना काय काय सांगून ठेवलंय चाचा?"

"तेच आठवतोय," लालसाब म्हणाला. "एकेकाला फोन करून बोलवावं लागंल."

महिपती उठला. त्यानं कप टपरीच्या ट्रेमध्ये नीट ठेवला आणि घसा खाकरला. "मेस्त्री, राग नका मानू. तुमीच म्हणताय, 'माझं चुकलं'. मग तुमच्या शब्दावर घ्यायची कशी? चुलते म्हणतात तेच बरं दिसतंय. डिझेलच बघतो." लालसाबला म्हणायचं होतं, अरे बाबा, तीन सिलिंडर, तिन्हीला बारा किलो, माती खाऊन जगलंय हे इंजिन, ह्यापेक्षा आणखी कसला दाखला पाहिजे तुला? पण महिपती गाडीत बसला होता. त्यानं बटण दाबलं आणि थंड इंजिनाला लगेच करकचून रेस केलं. लालसाबनं डोळे मिटले. रस्त्यावर गाडी दिसेनाशी झाल्यावर उघडले.

प्रभु टेम्पोचा दोर सोडायला गेला. सावित्रम्मा अजून तिथंच होत्या. त्यांनी फिल्टर उचलून स्वतःच उन्हात धरला, छिद्रांमधून ऊन येताना बराच वेळ बघितलं, आणि खाली ठेवला. डोळ्यांच्या कडा पदरानं टिपल्या.

"मेस्त्री," त्या म्हणाल्या, "आता नवीन बसवल्यावर काय करायचं? नीट सांगा."

"हात लावायचा न्हाय अम्मा. दर दहा हजार किलोमीटरला मी बदलणार."

"हवा?"

"अजिबात न्हाय."

"बरं. नाही लावणार." त्यांनी मान हलवली. ते तिथंच पक्कं झालं, हे लालसाबला दिसलं. "आणि तेल? तेल संपत आलं होतं म्हणालात की. ते मी बघत जाते. कसं बघायचं?"

लालसाबनं तोंड उघडलं. रोज बघा, दांडी काढायची आणि बघायची, बास, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. चाळीस वर्षं तो असंच तर सांगत आला होता, आणि कुणी ऐकत नव्हतं म्हणून त्याच्या अर्धवट सांगण्यानं कधी काही बिघडलं नव्हतं. त्यानं तोंड मिटलं. समोर ती बाई त्याच्या शब्दाची वाट बघत उभी होती, मान जराशी कलती करून, गाडी आणली त्या दिवशी उभी होती तशीच. कपाळावरचा घाम पुसायला त्यानं जरा वेळ लावला.

"थांबा अम्मा," तो म्हणाला. "बसा जरा. मला नीट विचार करू द्या."